द्वारकाबाईचं सोंग

१

मी रोज सकाळी आधी वेणी घालते, मग चहा घेते. नोकरीला लागले तेव्हापासूनचा हा क्रम आहे. सुनेनं तो बदलायचा बराच प्रयत्न केला. तिचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसानं उठल्याबरोबर पोटात काहीतरी गरम घालावं. हे ती माझ्याकडे बघून म्हणत नाही, गॅसकडे बघून म्हणते. त्यामुळे मीही उत्तर देत नाही.

त्या दिवशी फणी केसांतून बाहेर काढली तर तिचे दात करडे झालेले. आधी वाटलं, कोंडा असेल. चष्मा लावून पाहिलं, चिमटीत धरून चोळलं. राख होती, गोवऱ्यांची. चुलीपुढे लहानपण गेलेल्या बाईला राख आणि धूळ यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आता राख आली कुठून? घरात गॅस आहे. देव्हारा खाली, उदबत्त्या तिथं, आणि मी राहते वर. मागच्या गल्लीत बेकरी आहे, तिची भट्टी लाकडावर चालते, पण माझी खिडकी बंद होती. नवाबपुऱ्यात खिडकी उघडी टाकून झोपणं म्हणजे डासांना आवतण. तरी मी बेकरीवरच ठपका ठेवला, कारण जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला उत्तर काढल्याशिवाय उठवत नाही. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. साठवलेल्या पाण्यानं केस धुतले आणि सुनेची बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी फणीत पुन्हा राख होती.

२

माझं नाव मनकर्णाबाई. गल्ली मला नुसतं 'बाई' म्हणते, कारण गल्लीतल्या निम्म्या लोकांनी माझ्या हातच्या छड्या खाल्ल्या आहेत. सत्तरी ओलांडली आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण पाठ ताठ आहे. हातात काठी नाही. शहागंजापर्यंत पायी जाते, भाजी घेते, परत येते आणि जिना चढून माझ्या खोलीत जाते. ही वरची खोली मी माझ्या फंडातून बांधली. तिचं कुलूप वेगळं आहे आणि किल्ली माझ्या कमरेला असते.

त्या किल्लीवर माझ्या मुलाचा, बद्रीनाथचा डोळा आहे. तो वाळूजला कंपनीत आहे. लोभी असता तर त्याच्याशी नीट भांडता आलं असतं. तसा तो नाही. तो काळजी करतो, आणि काळजीशी भांडायचं कसं हे मला अजून समजलेलं नाही. त्यानं खाली न्हाणीशेजारची मागची खोली माझ्यासाठी तयार करून ठेवली आहे. खिडकी उघडली की समोर शेजाऱ्यांची भिंत. तिथं त्यानं बुटकी खाट टाकली आहे, आणि भिंतीला धरून चालायला लोखंडी दांडा बसवला आहे. तो दांडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

"आई, कामून हट्ट करतीस? जिन्यावरनं पडलीस म्हंजे?" तो विचारतो.

पडले तर पडेन. पण असं म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. बसमध्ये कॉलेजची पोरगी जागा सोडून उठते, बँकेतला कारकून माझ्याशी मोठ्या आवाजात, तुकडे करून बोलतो, डॉक्टर माझं दुखणं मला न सांगता मुलाला सांगतो. माझ्याबरोबरीच्या बायांनी म्हातारपण घोंगडीसारखं अंगाभोवती ओढून घेतलं. मला त्याचा संताप येतो, अगदी डोकं फिरतं. कारण म्हातारपण माझं एकदा करून झालं आहे. मी चौदा वर्षांची होते तेव्हा.

३

आमचं गाव सोयगावकडं. डोंगर उतरला की खानदेश. खानदेश हिंदुस्थानात गेलेला, आणि आम्ही निजामाच्या मुलखात. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. गावातले बरेच पुरुष सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेले, त्यांत माझे वडीलही होते. आई माझ्या लहानपणीच वारलेली. मी तापानं फणफणले होते, म्हणून मागं राहिले. घरात मी, वच्छलाकाकू आणि दोन म्हशी.

काकूनं माझ्या केसांत चुलीतली राख चोळली, मला पांढरं लुगडं नेसवलं, हातात बाभळीची काठी दिली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "राखेनं काय व्हतंय. चालीवरनं वळखत्यात." आणि तिनं मला म्हातारपण शिकवलं. मी पुढं अध्यापनाचा कोर्स केला, पण तिच्याइतकं नेटकं शिकवताना मी कुणाला पाहिलं नाही.

खाली बसताना आधी हात जमिनीला, मग गुडघा, मग सुस्कारा. पहिल्या हाकेला बघायचं नाही. दुसऱ्या हाकेला हात कानामागं न्यायचा. पाण्याचं भांडं दोन्ही हातांनी धरायचं. "मान वळवू नको," ती म्हणायची. "म्हातारं मानूस आख्खं वळतं." आणि कुणी काहीही बोललं, शिवी दिली तरी एकच उत्तर, 'भलं होवो बाबा.' नाव विचारलं तर द्वारकाबाई सांगायचं. या नावाची गावात कुणी नव्हती. मी कुणाचीही नक्कल करत नव्हते. ही म्हातारी काकूनं आणि मी मिळून नवी केली होती.

ते आले, आणि एकदाच आले असं नाही. एकजण माझ्यासमोर उभा राहिला होता. त्याच्या बुटांवरचा चिखल मला अजून दिसतो, कारण मान वर करायची नव्हती. "बुढिया है," तो म्हणाला आणि पुढं गेला. तीन घरं सोडून माझ्याच वयाची एक पोरगी होती. ती पुन्हा दिसली नाही.

ते केव्हा येतील याचा नेम नव्हता, म्हणून सोंग उतरवायची सोय नव्हती. झोपेतसुद्धा मी द्वारकाबाईच. पावसाळा लागला, ज्वारी संपत आली. काकू मला अर्धी भाकरी वाढायची, तीही कालवणात भिजवून. म्हणायची, म्हाताऱ्या माणसाला कितीसं लागतंय. मला वाटलं, थट्टा करते. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर थट्टा नव्हती. आम्ही दोघीच असलो तरी ती मला मनकर्णा म्हणेनाशी झाली. माझे सगळे दात शाबूत होते आणि भुकेनं पोटात आग पडलेली असायची, आणि मी 'भलं होवो' म्हणत बसायची.

भादव्यात हिंदुस्थानची मिलिटरी आली. चार-पाच दिवसांत सगळा खेळ आटोपला. मी काठी टाकली, नदीपर्यंत पळत गेले आणि केस धुतले. त्या दिवसापासून मी पाठ वाकवलेली नाही. हे मी कुणाला सांगितलंही नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही.

४

राख दिसू लागल्याला आठवडा झाला असेल. भाजीवाल्या कडूबानं मला विचारलं, आज काठी कुठं ठेवली. कसली काठी, मी म्हणाले. परवा दुपारी तुम्ही काठी टेकत गाडीपाशी येऊन बसला होता की, तो म्हणाला, पाणी मागितलं, मला आशीर्वाद दिला. मी त्याला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. तो हसला. माझ्या हातच्या छड्या खाल्लेला पोरगा, पण आता तोही माझ्याशी लहान मुलाशी हसावं तसा हसला.

मग सून. ती अचानक गोड झाली होती. म्हणाली, काल दुपारी तुम्ही खाली येऊन मागच्या खोलीत बसलात, मला फार बरं वाटलं. दुधात कुस्करलेली भाकरी किती आवडीनं खाल्लीत. काल दुपारी मी शहागंजात होते. आणि कुस्करलेलं अन्न मी तापातसुद्धा खात नाही. मी तिला तसं फाडकन सांगितलं. ती गॅसकडे बघत राहिली.

मी वर येऊन नीट विचार केला. दोन शक्यता होत्या. एक, हे सगळे खोटं बोलतात. पण कडूबाला आणि माझ्या सुनेला एकत्र बसून कट करायला सवड नाही. दुसरी, मी स्वतःच खाली जाते आणि विसरते. ही शक्यता मी प्रामाणिकपणे तपासली. एकोणतीसचा पाढा उलटा म्हटला. शाळेत बरोबर काम केलेल्या बायांची नावं त्यांच्या सासरच्या गावांसकट आठवली. कुठं अडखळले नाही. तिसऱ्या शक्यतेकडे मी गेलेच नाही.

त्याच दुपारी जिन्यावर आवाज झाला. कुणीतरी चढत होतं. एका पायरीवर दोन्ही पाय, मग भिंतीला हात घासल्याचा आवाज, मग सुस्कारा. पुन्हा पायरी. मी पलंगावर बसून ऐकत होते आणि मला त्या माणसाचा राग येत होता, की एवढं अवघड वाटतं तर चढतं कशाला. मग माझ्या लक्षात आलं की तो क्रम मला पाठ आहे. आवाज माझ्या दाराशी थांबला. मी तरातरा जाऊन दार उघडलं. जिना रिकामा होता. भिंतीवर, वाकलेल्या माणसाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, खालपासून वरपर्यंत करडी बोटं उमटलेली होती.

मी ओल्या फडक्यानं भिंत पुसून काढली. रंग गेला तिथला.

५

समोरच्या घरात नजमुन्निसा राहते. माझ्याच वयाची. तिचे लोक खुलताबादकडचे. मिलिटरी आल्यावर आमचं सुटलं आणि त्यांचं सुरू झालं. तिच्या वडलांना गावातच मारलं. तिच्या आईनं तिचे केस कापले, भावाचा पायजमा-कुर्ता घातला आणि तिला मुलगा करून डोंगरातून खुलताबादला नेलं. ही गोष्ट तिनं मला शेजारधर्माच्या इतक्या वर्षांत एकदाच सांगितली होती, तीही दुसरंच काहीतरी बोलता बोलता.

मी तिला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. तिनं मला वेड लागलंय का, असं विचारलं नाही, आणि त्याचाच मला जास्त धसका बसला.

"मेरा वाला छत पे आता," ती म्हणाली. "दुपारच्याला. लई धावतो."

कोण, मी विचारलं. तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"मैंच. वो लड़का."

तिचे दोन्ही खुबे गेलेले आहेत. चार पावलं चालायची तर तिला सून लागते. मी विचारलं, तू कधी वर जाऊन पाहिलं नाहीस? तिनं मान हलवली. "देखनाच नक्को, बाई. काम हुआ, हम छोड़ के आ गए. उसकू कौन बोला, के अब तू जा?"

मला तिचा भयंकर राग आला. एवढी शहाणी बाई आणि असलं काहीतरी बोलते. मी तिला तसं म्हणालेही. ती डाळ निवडत राहिली. परत येताना मी तिच्या गच्चीकडे पाहिलं नाही. उन्हं डोळ्यांवर येत होती.

६

सुट्टीच्या दिवशी बद्रीनाथ वर आला. दारातच बसला. त्याचे डोळे ओले होते.

"आई, येवढं सोसलंस आणि कधी बोलली नाहीस."

काय सोसलं, मी विचारलं. म्हणाला, काल खालच्या खोलीत तू मला सगळं सांगितलंस. राख, काठी, काकू, अर्धी भाकरी. तो सांगत गेला, आणि एकही गोष्ट चुकीची नव्हती. त्या बुटांवरचा चिखलसुद्धा त्याला ठाऊक होता.

आणखी काय म्हणाले, मी विचारलं.

"म्हनालीस, मी त्या पोरीला वाचवलं. मिलिटरी आली तशी ती मला नदीवर टाकून पळाली. मागं वळून बघितलं नाय."

मी 'ती पोरगी' म्हणाले? तर व्हय म्हणाला, तसंच बोलत होतीस. माझा चेहरा दिसला का, मी विचारलं. तो म्हणाला, त्या खोलीत उजेड कुठं असतो, आणि तू पदर पुढं घेतला होतास. मग त्यानं माझा हात हातात घेतला आणि म्हणाला की खाली राहायला तू कबूल झालीस, उद्या रजा काढून मी सामान उतरवतो.

मी हात सोडवून घेतला. माझा आवाज चढला असेल, गल्लीत ऐकू गेला असेल. मी त्याला म्हणाले, ती मी नव्हे. तुला जन्म दिला, हातात पेन्सिल धरायला शिकवलं, आणि त्या बाईत आणि माझ्यात तुला फरक कळत नाही?

तो खोटं बोलत नाही, लहानपणापासूनच.

"कळतो," तो म्हणाला. "खाली असतीस तवा तू आपली वाटतीस."

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेले. भ्यायले नव्हते असं म्हणणार नाही. पण भीतीपेक्षा चीड मोठी होती. माझ्या घरात, माझ्या मुलाला, माझ्या आठवणी सांगून कुणी माझी खोली सोडून देत असेल, तर त्या बाईचं तोंड मला बघायचं होतं.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. न्हाणीत नळ टिपकत होता. मी दार ढकललं. आत शेजाऱ्यांच्या भिंतीवरून येईल तेवढाच उजेड होता, आणि गोवऱ्यांचा वास. खाटेवर माझ्याकडे पाठ करून कुणीतरी बसलं होतं. पांढरा पदर, वाकलेले खांदे.

"कोण आहे?" मी वर्गात विचारायची त्या आवाजात विचारलं.

पहिल्या हाकेला काही झालं नाही. दुसऱ्यांदा विचारलं. मग एक हात हळूहळू वर आला आणि कानामागं गेला. तो हात मी नीट पाहिला. कातडी तुकतुकीत होती, मनगट काटकीएवढं, नखं दातांनी कुरतडलेली. चौदा वर्षांच्या पोरीचा हात होता तो.

"मनकर्णा," ती म्हणाली, आणि वळायला लागली. आख्खी.

तेवढ्यात बद्रीनाथ चहाचा कप घेऊन आला. मी दारात उभी होते. कपाटाशेजारून जावं तसा तो अंग चोरून माझ्याजवळून आत गेला आणि कप खाटेकडे धरून म्हणाला, "घे, आई."

मी त्याला हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. मी ओरडले. त्याच्या खांद्याला धरलं, तर त्यानं माशी बसावी तसा खांदा उडवला. स्वयंपाकघरातून सून काहीतरी विचारत होती, तिला तो उत्तर देत होता, आणि मी त्या दोघांच्या मधे, माझ्या स्वतःच्या घरात, ताठ उभी होते आणि कुणाला दिसत नव्हते. जन्मात माझी एवढी चिडचिड झाली नव्हती. मला रडू फुटलं.

अशा वेळी करायची एकच युक्ती मला येत होती. हात जमिनीला टेकवला. मग गुडघा. मग सुस्कारा सोडला. इतक्या वर्षांनी, पण काही चुकलं नाही.

बद्रीनाथ चटकन वळला. "अगं, खाली कामून बसलीस?" असं म्हणत त्यानं मला दोन्ही दंडांना धरून उचललं आणि खाटेवर बसवलं. खाट रिकामी होती. त्यानं कप दिला, मी तो दोन्ही हातांनी धरला.

जिन्यावर पावलं वाजली. दोन-दोन पायऱ्या गाळत, धावत कुणीतरी वर गेलं. माझ्या खोलीचं दार आपटलं आणि आतून कडी लागली. मी कमर चाचपली. किल्ली नव्हती. बद्रीनाथनं वर पाहिलं आणि वारं सुटलंय म्हणाला.

मी पाठ सरळ करायला गेले. खूप जोर लावला. काकूनं मला खाली कसं बसायचं ते शिकवलं होतं, कसं वळायचं, कसं ऐकायचं, सगळं शिकवलं होतं. त्यातून उठायचं कसं, हे तिनं कधीच शिकवलं नाही, तशी वेळच आली नाही. त्या वेळी मिलिटरी आली होती.

मी बद्रीनाथचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, वर कोण गेलं ते बघ, आधी माझी खोली उघड, मी इथं राहणार नाही. एकेक शब्द सुटा करून म्हणाले, वर्गात शेवटच्या बाकावर पोचेल असं.

त्याचे डोळे भरून आले. त्यानं वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि सुनेला म्हणाला, "ऐकलंस? भलं होवो म्हनाली."